उग्गचं शेवटचं व्रत

सोणानं पेजेचं मडकं अमात्याच्या पायांशी ठेवलं ते आपटूनच. पेज उसळून त्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर उडाली.

"अगं पोरी, जरा बघून!"

"तुम्हीच बघा! आत माझा दादा मरतोय, आणि तुम्ही सावलीत बसून वारा घेताय!"

खलतिक डोंगरातली ही गुहा राजानं आजीवक पंथाच्या संन्याशांना कोरून दिलेली. सगळ्या पंथांची काळजी वाहणारा राजाचा अमात्य तिच्या दारावरच राखणीला होता. सोणाचा दादा उग्ग आजीवक झाला त्याला बरीच वर्षं झाली होती. आता क्षयानं त्याला पोखरलं होतं. वैद्यानं हात टेकले, तेव्हा त्यानं आजीवकांच्या रीतीचं, उपाशी राहून देह ठेवायचं शेवटचं व्रत धरलं. आधी अन्न सोडलं, मग पाणीही. घरचे सगळे बुद्धाच्या भिक्खूंना मानणारे. त्यांना हे कसं पटावं? सोणाला एवढंच हवं होतं, की दादानं दोन घोट प्यावेत, घरी यावं, आणखी चार दिवस डोळ्यांना दिसावं.

"तुम्ही राजाची माणसं. सोडा की हुकूम!"

"हुकूमच तर आहे," अमात्य धोतर झटकत म्हणाला. "कुणी कुणाच्या पंथात ढवळाढवळ करायची नाही."

"हा कसला मेला हुकूम!"

"गेल्या साली गावानं तुमच्या भिक्खूंना दगड मारले, तेव्हा मीच आडवा आलो होतो ना? तुझ्या आईनं ओवाळलं होतं मला. तेव्हा बरा गोड लागला हाच हुकूम!"

खरं होतं ते. म्हणूनच सोणाला त्याचा जास्त राग आला.

"भेटू तरी द्याल?"

"भेट की. मडकं इथंच राहू दे."

आत गुळगुळीत भिंतीला टेकून उग्ग पडला होता. तिला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा दादा केवढासा झाला होता! त्यानं तिची बोटं नाकाशी नेली.

"पेज," तो पुटपुटला. "जिरं पुन्हा जास्त टाकलंस ना?"

ती हसली.

"बाहेर आहे का गं?" त्यानं फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "असली तर पिईन मी. माझ्यानं राहवणार नाही, सोणे."

जिंकली होती ती! आता एका हाकेचंच काम होतं. पण त्याच्या दुसऱ्या हातानं आजीवकाची खूण असलेला बांबूचा दंड असा आवळला होता, की नखं पांढरीफटक पडली होती. सोणा त्या हाताकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "घरीच राहिली."

उग्गनं डोळे मिटले. मूठ हळूहळू सैल झाली.

गुहेनं मात्र तिचं ते "नाही" उचललं आणि कितीतरी वेळ तिलाच ऐकवलं.