चमच्याची हाक

मी एक जुनी बांबूची शिट्टी आहे, करंगळीएवढी. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्या तोंडून पाप घडले आहे.

मला मुस्तफाने घडवले. महेशखाली बेटाच्या पलीकडे, आमच्या छोट्या बेटावर तो पाखरे धरायचा. ओहोटी लागली की चिखलात जाळे लावायचा, पालथा पडून मला फुंकायचा. पाखरांना वाटे, आपलेच कोणी बोलावते आहे. ती उतरायची आणि अडकायची. लोक म्हणत, "मुस्तफाची शिट्टी म्हणजे पाखरांची आईच!" तेव्हा मी फुलून जायची. आता ते आठवले की लाज वाटते.

त्यात एक होता चमच्या. चिमणीएवढा, पाठ करडी, पोट पांढरे, पाय काळे. तशी पाखरे चिखलात शेकड्यांनी असतात. बाजूने त्याची चोचही साधीच दिसते. समोरून पाहाल तरच टोकाचा चमचा कळतो. म्हणून मुस्तफा कानावर विसंबे. "प्रीप" अशी बारीक, थरथरती हाक आली की म्हणे, "आला चमच्या!" तेव्हा त्याचा कान कधी चुकत नसे.

मग एका हिवाळ्यात पक्षी मोजणारी माणसे आली. हे पाखरू जगात थोडेच उरले आहे, असे त्यांनी सांगितले. मुस्तफाने त्याच आठवड्यात तीन चमच्या पाखरे कालवणात घातली होती. मग त्याने मशिदीत शपथ घेतली आणि जाळे कापून टाकले. मला मात्र ठेवले. दर हिवाळ्यात एकदा फुंकायचा, उत्तर आले की "आलास रे बाबा" म्हणत घरी परतायचा.

गेल्या पौषात तो परतला आणि पाण्यात भिजवलेल्या शिळ्या पांता भाताला हात न लावता बसून राहिला.

"नाही आला. दोन वर्षं झाली. मीच खाल्ला त्याला," तो लेकीला, छेनुआराला म्हणाला.

"अब्बा, मी दारातून ओरडते ते तुम्हाला ऐकू येत नाही. पाखराचं काय ऐकणार?"

"तुझं ऐकायचं नसतं म्हणून ऐकत नाही! पाखराचं ऐकतो मी."

पण मी तिथे होते, मित्रांनो. चमच्या दोन्ही वर्षी आला होता. म्हातारपणी कानातून बारीक आवाज आधी जातात, हे मुस्तफाला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी छेनुआरा सोबत आली. त्याने मला फुंकले.

"प्रीप!"

"आला, अब्बा! तो बघा, मान हलवत चिखल गाळतोय!"

मुस्तफाने मोतीबिंदूचे डोळे ताणले. पाखरू त्याच्याकडे बाजू करून उभे होते, चोचीचा चमचा दिसेना.

"ते साधंच आहे, पोरी. माझं मन राखू नकोस."

"अल्लाची शपथ!"

"बापासाठी खोटी शपथ घेऊ नये," असे म्हणून तो वळला.

चैत्रात तो गेला. शेवटचा चमच्या आपणच संपवला, हेच मनात घेऊन गेला. हाक हुकली त्या पहिल्या हिवाळ्यात त्याचे डोळे चांगले होते. तेव्हा छेनुआरा सोबत असती, तिने नुसते बोट दाखवले असते, तर त्याने चमचा स्वतः पाहिला असता. पण तेव्हा कोणालाच सवड नव्हती.

आता छेनुआरा मला फुंकते. मी चिरले आहे, आवाज फाटका येतो, तरी चमच्या उत्तर देतो. एकटाच असतो. ती मोठ्याने म्हणते, "आला, अब्बा."

मित्रांनो, हाक येते आहे तोवर पाखराला राखा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ वेळेत जाऊन उभे राहा. मी जन्मभर खोट्या हाका मारल्या. एकदाच खरे सांगायचे होते, ते मला सांगता आले नाही.