घोडीचं मुसकं

माझी बायको दमयंती व्हायोला वाजवते. व्हायोलिन नाही, व्हायोला. आकारानं थोडा मोठा, आवाजानं जाड. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तरी पाहुणे विचारतातच, "वहिनींचं व्हायोलिन काय म्हणतंय?" या बिचाऱ्या वाद्यासाठी मुद्दाम लिहिलेलं संगीत आधीच कमी. बरंचसं चेलोकडून नाहीतर क्लॅरिनेटकडून उसनं आणलेलं. म्हणून छावणी भागात राहणाऱ्या तिच्या मास्तरांनी खास व्हायोलासाठी एक रचना लिहून दिली, तेव्हा ती केवढी हरखली होती!

त्या रचनेचा पहिला भाग म्यूट लावून वाजवायचा. म्यूट म्हणजे रबराचा छोटा तुकडा. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्यावर तो बसवला की आवाज दबतो. मग क्षणभर थांबून तो काढायचा आणि उरलेलं सगळं मोकळ्या आवाजात.

आमच्या घरात तो मोकळा आवाज कधी निघालाच नाही. पलीकडच्या खोलीत अण्णा, म्हणजे माझे वडील, अर्धांगवायूनं पडून. त्यांची झोप मोडू नये म्हणून दमयंती सगळंच म्यूट लावून वाजवायची. माझी आई करमाडची, शेतात राबलेली. तिनं पहिल्यांदा ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "अगं बाई, घोडीला मुसकं बांधलं व्हय!" मळणीच्या बैलानं धान्य खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात, ती जाळी म्हणजे मुसकं.

अण्णा गेले, तरी सवयीनं मुसकं राहिलंच. मग आईचे कान जायला लागले. उरलंसुरलंही हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले. त्याच उन्हाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये दमयंतीचा कार्यक्रम ठरला. आई म्हणाली, "मला पुढं बसवा. तिचं मुसकं काढल्यालं एकदा ऐकू द्या, मग जाऊ द्या कान."

तिला अगदी पुढं बसवलं. पहिला भाग सुरेख झाला. थांबायची जागा आली. दमयंती थांबली, श्वास घेतला आणि तशीच पुढं वाजवू लागली. मुसकं जागच्या जागी! इतकी वर्षं घरी जसं वाजवलं तसंच हातानं वाजवलं, त्याला ती तरी काय करणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळतंय!

येताना रिक्षात आई म्हणाली, "मी तुझ्या हाताकडंच बघत व्हते गं. खळं उरकलं की बैलाचं मुसकं सोडत्यात, दोन घास खाऊ देत्यात. तू सोडलंच नाय."

दमयंतीनं घरी येऊन व्हायोलाची पेटी कपाटावर टाकली. मी म्हटलं, "उद्या घरातच वाजव, आईपुरतं." तर माझ्यावरच खेकसली. मीही चिडून गप्प बसलो. तेव्हा हट्ट धरायला हवा होता, असं आता रोज वाटतं. आई पेरणीला करमाडला गेली ती तिथंच रमली.

दिवाळीला ती परत आली. दमयंतीनं स्वतः पेटी खाली काढली आणि आईला समोर बसवलं. पहिला भाग झाला. तिनं हात वर केला, आईला दिसेल असं मुसकं काढलं आणि वाजवू लागली. एवढा भरदार आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. शेजारचे पुंजाराम दारात येऊन उभे राहिले. माझे डोळे भरून आले.

आई पुढं वाकली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता हळू का वाजवतीस पोरी? आता कुणाची झोप मोडायची नाय."