तळकुरणचं दूध

"ह्याला चा म्हणत्यात व्हय? नुसतं गरम पाणी, वर पांढरी पावडर. म्हशीनं बघितलं तर लाजून मरंल."

धोंडुबाई हे कुणाला उद्देशून बोलली नव्हती. पण चहाच्या रांगेत तिच्या कोपराला कोपर लावून उभ्या असलेल्या वर्षाराणीला वाटलं, बोलणं सरकारला आहे, आणि या छपराखाली सरकार म्हणजे सध्या आपणच. तिनं निमूट कप पुढं केला. चहा खरंच वाईट होता.

वर्षाराणी नायब तहसीलदार. पूर आला की तिच्या हुद्द्याला आणखी एक शेपूट लागायचं, समन्वय अधिकारी. म्हणजे काय, तर लष्कर हिंदीत बोलतं, गाव कोल्हापुरीत बोलतं, आणि कलेक्टर कचेरी मोबाइलवर नुसता अंगठा पाठवते. या तिघांच्या मधे उभं राहून तिघांचंही ऐकून घ्यायचं. राजारामपुरीतल्या घरून नवऱ्याचा फोन यायचा, गॅसचा लायटर कुठं ठेवलायस म्हणून. ते वेगळंच.

तळकुरण नदीच्या अगदी कुशीतलं गाव. पाणी चढलं तसं लष्करानं बोटींतून अख्खं गाव उचललं आणि जयसिंगपूरच्या अलीकडं, माळावरच्या मंगल कार्यालयात आणून ठेवलं. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या जागी पिठाची पोती होती आणि मागं थर्माकोलचा मोर तसाच पिसारा फुलवून उभा होता. दारातून खाली बघितलं की रस्ता सरळ पाण्यात उतरलेला दिसायचा. पाण्यापलीकडं तळकुरणच्या देवळाचं शिखर आणि दूध संस्थेची दुमजली इमारत, बाकी सगळं तपकिरी.

आता बोटी इथनं सुटायला हव्या होत्या. नदीच्या दुसऱ्या काठाला माणसं अजून कौलांवर बसून होती. पण लष्कर आपणहून येत नाही आणि आपणहून जातही नाही. कलेक्टरांनी लेखी मागितलं की येतं, लेखी सोडलं की जातं. आणि सोडण्याआधी वर्षाराणीनं आणि सरपंचांनी एका ओळीखाली सही करायची होती, गावात कोणीही शिल्लक नाही. ओळ साधी होती. खोटी निघाली तर तिच्याखाली इथलं माणूस बुडणार होतं, सहीला उशीर झाला तर पलीकडचं.

"मॅडम." कॅप्टन बिश्त दारात उभा होता. पहाडातला माणूस, एवढं सपाट पाणी त्यानं कधी बघितलं नसावं. त्याच्या हातात दुधाचं अ‍ॅल्युमिनियमचं कॅन होतं. "आज भी."

त्यानं कॅन टेबलावर ठेवलं. झाकणाखाली उसाचा पाला दुमडून घट्ट बसवला होता, सायकलवरनं नेताना दूध हिंदकळू नये म्हणून बसवतात तसा. कॅन मिळालं होतं गावच्या एसटी शेडपाशी. शेडचं छप्पर तेवढं पाण्याच्या वर होतं, त्याच्या लोखंडी नळीला दोरीनं बांधलेलं. काल असंच मिळालं होतं, परवाही. पहिल्या दिवशी जवानांनी चेष्टा केली, गाववाल्यांचं भूत रतीब घालतंय म्हणून. आज कुणी चेष्टा करत नव्हतं, आणि त्या दुधाचा चहा करायलाही कुणी तयार नव्हतं.

वर्षाराणीनं झाकण काढून बोट बुडवलं. दूध कोमट होतं.

"हे कुणाचं?" तिनं मोठ्यानं विचारलं.

हॉलमधली बडबड थांबली. माणसांनी कॅनकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं, कुणी छताकडं, कुणी आपल्या पायांकडं. या मुलखात माणूस एक वेळ भावाला ओळख देणार नाही, पण आपलं कॅन सोडणार नाही. बुडाला आलेल्या पोच्यावरनं अंधारात ओळखेल. आणि इथं एवढं गाव बसलंय, कॅनला धनी नाही.

"पुराचं काय, काय बी वाहून येतंय," सरपंच गणपतराव म्हणाले आणि कॅप्टनकडं वळले. "पावणं, बसा की. च्या घ्या."

"वाहून आलेलं कॅन गाठ मारून घेतंय व्हय सरपंच?"

"आता गाठीचं आमाला काय इच्यारता!"

दूध संस्थेचे चेअरमन अण्णासो चष्मा पुसत होते. पुसलेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसायला घेतला. त्यांच्या शेजारी त्यांची बायको राजमती पदर गुडघ्यावर घट्ट ओढून बसली होती. जैन घरातली शांत बाई. शिबिरात आल्यावर तिनं एकच मागणं केलं होतं, जेवण दिवस मावळायच्या आत मिळालं तर बरं. त्यासाठी वर्षाराणीनं लष्कराच्या जेवणाच्या ट्रकची वेळ बदलून घेतली होती. सगळ्या समन्वयात तेवढंच एक काम धड झालं होतं.

"मी येते बोटीत," वर्षाराणी कॅप्टनला म्हणाली.

*

बोट गावात शिरली तेव्हा विजेच्या तारा खांद्याला लागतील एवढ्या जवळ होत्या. इंजिन बंद करून जवान वल्ही मारायला लागले. कुत्रं नाही, कावळा नाही. एका माडीच्या गॅलरीत वाळत घातलेलं परकर-पोलकं तसंच होतं, आणि वारा नसताना हलत होतं.

दूध संस्थेच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक म्हैस बाहेर बघत होती, माहेरचं कोण येतंय का बघणाऱ्या सुनेसारखी.

जिना अर्धा पाण्यात होता. वर गेल्यावर वर्षाराणी उंबऱ्यातच थांबली. मीटिंगच्या हॉलमधे म्हशी ओळीनं बांधल्या होत्या. माणसांना बोटीत घेताना जनावरं घेता येणार नाहीत, हे तिनंच गावाला सांगितलं होतं. मागच्या पुरात या गावची दावणच्या दावण वाहून गेली होती, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून जनावरं वर चढवली, यात नवल नव्हतं. पण फरशी झाडलेली होती. शेण एका कोपऱ्यात थापून ठेवलं होतं. प्रत्येकीपुढं वैरण सारखी टाकलेली. एका रेडकाच्या अंगावर पोतं पांघरलं होतं, आणि पोत्याची टोकं गळ्याखाली बांधली होती, लहान पोराला कानटोपी बांधतात तशी.

"कोई है?" कॅप्टननं हाक दिली.

"कोण हाय का?" वर्षाराणी ओरडली. "भिऊ नका, सरकार हाय!" ओरडून झाल्यावर तिला वाटलं, भ्यायचं तर सरकारलाच असेल.

भिंतीशी गोणपाट अंथरलं होतं. तिनं वाकून हात ठेवला. ऊब होती.

तेवढ्यात म्हशींनी माना वळवल्या. सगळ्यांनी एकदम, एकाच बाजूला, गच्चीच्या जिन्याकडं. कुणी हाक मारल्यासारख्या. हाक कुणालाच ऐकू आली नव्हती.

कॅप्टन धावत वर गेला, मागोमाग ती. गच्ची रिकामी होती. टाकीच्या मागं मात्र ओली पावलं उमटली होती, अनवाणी, रुंद पंजाची. ती कठड्यापर्यंत जात होती. परत येणारं पाऊल नव्हतं.

दोघांनी खाली वाकून बघितलं. सांडपाण्याचा पाइप पाण्यात उतरला होता, आणि पाण्यावर केंदाळाचा हिरवा जाड थर. थर एका जागी हलला. मग हलायचा थांबला.

"साँप होगा," कॅप्टन म्हणाला. पण तो तिथनं लवकर हलला नाही, आणि तीही नाही. केंदाळ पुन्हा हलेल म्हणून ती बघत राहिली. हललं नाही.

*

परत आल्यावर तिनं अण्णासोंना आणि गणपतरावांना स्टेजच्या मागं नेलं, थर्माकोलच्या मोराच्या आड.

"जनावरं हायत, खरं हाय," अण्णासो म्हणाले. "वैरण टाकून आलोय भरपूर. माणूस न्हाय कुणी."

"मग शेण कोण काढतंय?"

"देव काढतोय," गणपतराव म्हणाले. एरवी या वाक्यावर अर्धं गाव हसलं असतं.

"हे बघा, कुणी मागं राहिलं असेल तर मी त्याला ओढून आणणार नाही. जनावरांचं पण बघू. पण सांगा तरी."

"बाई," गणपतराव हळूच म्हणाले, "मागच्या टायमाला बी असंच म्हणलं होतं सरकारनं."

मागच्या वेळी तसं म्हणणारी अधिकारी दुसरी होती, पण पुराच्या पाण्याला जसा चेहरा नसतो तसा सरकारलाही नसतो. तिनं हॉलमधे येऊन एकेका कुटुंबाजवळ बसून विचारलं. तुमच्यातलं सगळं माणूस हाय न्हवं? हाय की. आणि तुमच्यातलं? ही काय, सगळी हायत. खरंच होती. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, तान्ही, कुणाच्याच घरातलं कुणी कमी नव्हतं. तेच तर तिला उमजेना. कुणाचंच कुणी नसलेलं माणूस तिथं ओल्या पायांनी फिरत होतं.

जेवण दिवस मावळायच्या आत आलं. राजमतीनं ताट पुढं सारलं.

"काय झालं काकी?"

"आज उपास हाय," ती म्हणाली. कसला, ते सांगितलं नाही.

*

सकाळी पाणी हातभर आणखी चढलं होतं. कॅप्टन बिश्त रिकाम्या हातानं आला.

"आज कुछ नहीं था, मॅडम. रस्सी थी. बस."

पलीकडच्या काठावरनं सारखे फोन येत होते. तिकडं एक कौलारू छप्पर खचलं होतं. कलेक्टर कचेरीनं या वेळी अंगठा नाही पाठवला, सरळ विचारलं, बोटी का अडवल्यात? त्यांचं चुकत नव्हतं. बोटींची इंजिनं उतरवून जवान ट्रकमधे चढवायला लागले.

टेबलावर कागद होता. गणपतरावांनी वाचायच्या आधीच सही ठोकली आणि पेन वर्षाराणीपुढं धरलं. तिनं पेन घेतलं. गाव तिच्या हाताकडं बघत होतं. सुटका व्हावी अशी वाट बघणारे ते डोळे नव्हते. कुणीतरी हात धरावा, असे होते.

तेव्हा ते ऐकू आलं.

आधी एकच म्हैस. लांबून, पाण्यावरनं, ओढून धरलेला हंबरडा. मग दुसरी. मग सगळ्याच. पाण्यावर आवाजाला अडवायला काही नसतं. असं वाटलं की दावण दाराबाहेरच आहे. कॅप्टननं वर्षाराणीकडं बघितलं; पहाडात गुरं असतात, पण त्यालाही हे कळलं नसावं. गावाला कळलं. तटतटलेल्या कासेचं ओरडणं होतं ते. काल संध्याकाळी धार निघाली नव्हती, आज सकाळीही नाही.

"माझी चंद्री..." धोंडुबाईच्या तोंडून निघालं. तिनं पदर तोंडात कोंबला. कप हातातनं निसटून चहा फरशीवर पसरला, कुणी पुसायला उठलं नाही. बाया आपापल्या म्हशीचा आवाज ओळखत होत्या आणि ओळखला की मान खाली घालत होत्या.

वर्षाराणीनं पेनाला टोपण लावलं. "मी सही करत नाही," ती म्हणाली. "आणि बोटीही अडवत नाही. बिश्तसाहेब, तुम्ही पलीकडं जा. एक बोट मला ठेवा, माझ्या जबाबदारीवर. पण तिथं जाऊन कुणाला हाक मारू, तेवढं मला कुणीतरी सांगा. नाव तरी सांगा."

हंबरडे चालूच होते.

राजमती उठली.

"बस खाली," अण्णासो म्हणाले. आवाजात जरब नव्हती, काकुळत होती.

"बसणार न्हाय." ती टेबलापाशी आली. कालचं कॅन अजून तिथंच होतं. तिनं ते पोटाशी धरलं. "माझं हाय हे. परवाचं बी माझंच होतं, सगळी माझ्याच घरची. बाई, पिराजी हाय तिथं. आमच्या गोठ्यातला गडी. दूध वाया घालवू नको, शेडला बांध, आम्ही न्यायला येतो, असं आम्ही सांगितलं त्याला. बोट आली की पाण्यात उतर, केंदाळाखाली लप, न्हायतर तुला धरून आणत्यात आन् जनावरं मरत्यात, हे बी आम्हीच सांगितलं. तुमी काल गेलासा तवा..."

तिनं कॅन आणखी घट्ट धरलं. गणपतराव भिंतीकडं तोंड करून उभे होते.

"त्यालाच का?" वर्षाराणीनं विचारलं. विचारताना तिला उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

राजमतीनं हॉलभर नजर फिरवली. कुणी तिच्याकडं बघेना.

"ज्याच्या त्याच्या घरात मागं रडणारं कोण तरी होतं," ती म्हणाली. "त्याला कुणी न्हवतं. म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला ठेवला."