भिंगाच्या उजवीकडे

काळ्या फडक्याखालून शरयूला मूल उलटं दिसत होतं. कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर आभाळ खाली, परस वर, आणि मधोमध डोकं खाली करून रडणारं दोन वर्षांचं लेकरू. ते ज्यांच्या मांडीवर बसलं होतं त्या सगुणाबाईही उलट्याच होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तसाही कळत होता.

"रामराव, इकडं बघा. चिमणी बघा, चिमणी," शरयू फडक्याबाहेर डोकं काढत म्हणाली.

रामरावांनी बघितलं नाही. त्यांनी सगुणाबाईंची नथ धरली.

"आगं माय! सोड रे, सोड!"

घरची जुनी मोलकरीण साळूबाई मुलाचं लक्ष वेधायला हातात ताटली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "त्याला काय ठावं रामराव कोन ते? आठ दिस झाले नाव ठिवून. हाक मारली की मागं वळून बघतंय, कोन पाव्हना आला म्हून."

भोवतीच्या बाया पदराआड हसल्या. सगुणाबाई हसल्या नाहीत.

आठ दिवसांपूर्वी या घरात दत्तकविधान झालं होतं. काकासाहेब देशमुख आणि सगुणाबाई यांना मूल नव्हतं. धाकटे भाऊ बद्रीनाथ यांना दोन मुलगे. त्यातला धाकटा, भुजंग, थोरल्या भावाच्या मांडीवर दिला गेला होता आणि आजोबांचं नाव त्याला ठेवलं होतं. फोटो काढा असं कोणताही कायदा सांगत नव्हता. पण काकासाहेबांच्या मनात आलं की घरात काचेमागं असलेली गोष्ट भाऊबंदांना नाकारता येत नाही. म्हणून त्यांनी जुन्या जालन्यात बैलांची दमणी पाठवून नरहर फोटोवाल्यांना बोलावून घेतलं, "तुमच्या घरातूनही यायला सांगा" असा निरोप देऊन.

त्या निरोपाशिवाय काम झालंच नसतं. देशमुखांच्या बायका गोषात. परका पुरुष परसात येणार कसा? लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शरयूनं पाहिलं होतं की अशा घरांत नरहर पडद्याबाहेर उभा राहून "मान वर करा" असं ओरडतो आणि आत कोणीच मान वर करत नाही. तिनं कॅमेरा शिकायला आठवडा घेतला. फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायला आणखी एक. आता बारा वर्षं झाली होती. पुढच्या चौकात नरहर फेटेवाल्या पुरुषमंडळींना ओळीनं बसवत होता आणि मागं लिंबाच्या सावलीत तिनं आपली तिपाई मांडली होती.

सावलीत दोन आकडे मोजेपर्यंत कोणी हलायचं नसतं. एक प्लेट आधीच वाया गेली होती. तिच्यात रामरावांना तीन डोकी आली असणार. आता दोनच उरल्या होत्या.

घरातून सकाळपासून जात्याची घरघर येत होती. शरयूनं भिंगावर झाकण बसवलं आणि सरळ विचारलं,

"हे कोणाजवळ गप्प राहतं?"

साळूबाईनं हातातली ताटली खाली ठेवली. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. लेकरू तेवढं रडत राहिलं, श्वास घ्यायला थांबायचं आणि पुन्हा रडायचं.

"सोनूला बोलवा," सगुणाबाई म्हणाल्या.

जातं थांबलं. बद्रीनाथांची बायको सोनूबाई दारात आली तेव्हा तिच्या मनगटापर्यंत पीठ होतं आणि पदर भुवयांपर्यंत. तिनं मुलाकडं बघितलं नाही, जावेकडं बघितलं.

"जुनं नाव घ्यायचं न्हाई. उचलायचं बी न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या.

"व्हय, बाई."

"इथं या," शरयू म्हणाली. "माझ्या उजव्या हाताला. तिपाईला फक्त धक्का लावू नका."

सोनूबाई येऊन उभी राहिली. तिनं हाक मारली नाही, हात हलवला नाही, चिमणी दाखवली नाही. पिठाचा हात लागू नये म्हणून मनगटानं पदर थोडा मागं सारला, एवढंच.

लेकरानं एक हुंदका गिळला. नथीवरचा हात खाली आला. मग ते नुसतं गप्प झालं नाही, थांबलं. डोळे, मान, बोटं, सगळं.

शरयूनं झाकण काढलं. एक. दोन. झाकण ठेवलं.

प्लेट लाल दिव्याच्या खोलीत धुवायच्या आधीच तिला कळायचं. ही साधली होती.

"झालं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"झालं. अजून एक घेऊ."

"मंग तिला जाऊ द्या आता."

सोनूबाई वळली. तिची पाठ दिसताच लेकराचा ओठ पुढं येऊ लागला, पण तो पुरता यायच्या आत शरयूनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून बरोबर भिंगाच्या वर खुळखुळवला. रामराव चकित होऊन समोर बघत राहिले. एक. दोन.

त्यानंतर बराच वेळ जातं सुरू झालं नाही.

निघताना कॅमेरा गोधडीत गुंडाळून दमणीत ठेवायचं काम शरयू दुसऱ्या कोणाला देत नसे. ती गाठ मारत होती तेव्हा सोनूबाई ताकाचा तांब्या घेऊन आली. तांब्या दिला आणि तिथंच उभी राहिली.

"बाई, मी त्याच्यात आले का?"

"फोटोत? नाही. तुम्ही बाहेर होता."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"मंग बरं." शरयूनं ताक पिऊन रिकामा केलेला तांब्या तिनं हातात घेतला. "उद्या मी मंठ्याला जाऊन राह्यले. माहेरी. थोरला माझा तिथंच असतो आजोळी, शाळेला. लेकरू रुळंस्तोवर ऱ्हा म्हणले."

"किती दिवस?"

"ते आता लेकराच्या हातात हाय," सोनूबाई म्हणाली आणि हसल्यासारखं करून आत गेली.

जालन्याच्या वाटेवर नरहर खुशीत होता. काकासाहेबांनी त्याचं काम वाखाणलं होतं. सात कोसांत त्यानं शरयूला ते सात वेळा सांगितलं.

"तुझं कसं झालं?"

"दोन चांगल्या आल्यात."

"धुवायच्या आधीच?"

"तुमच्या किती चांगल्या आल्यात ते तुम्हाला धुतल्यावर कळतं, त्याला मी काय करू?" शरयू म्हणाली. देशमुखांचा गाडीवाला रामकिसन बैलांकडं बघत हसला.

चार दिवसांनी गच्चीवर उन्हात फोटो छापायच्या चौकटी मांडल्या होत्या. शेजारीच खाटेवर पापड वाळत होते, कारण ऊन एकच होतं आणि कामं दोन. नरहरनं दोन्ही कागद धुऊन, सुकवून घरात आणले आणि खिडकीशी धरले.

एकात रामराव सरळ समोर बघत होते, डोळे गोल करून, जमीनदाराच्या वारसाला शोभेल असे. दुसऱ्यात ते समोर बघत नव्हते. नजर भिंगाला चुकवून बाजूला गेली होती. तोंड किंचित उघडं. गालावर एक थेंब होता आणि तोही स्पष्ट आला होता.

"हा द्यायचा," पहिला पुढं करत नरहर म्हणाला. "दुसरा कशाला छापलास? मूल भलतीकडंच बघतंय."

"भलतीकडं नाही बघत."

तिनं काय ते सांगितलं. नरहरनं ऐकून घेतलं, फोटो पुन्हा खिडकीशी नेला आणि या वेळी बराच वेळ पाहिला.

"मोठं घर आहे, शरयू. त्यांच्या घरातल्या गोष्टीत आपण कशाला पडायचं? एक मागितला, एक द्यावा."

"मी कशात पडत नाही. दोन काढले, दोन्ही चांगले आहेत, दोन्ही दाखवणार. वाईट असता तर मीच फाडला असता."

"आणि त्यांनी विचारलं, हे लेकरू कुठं बघतंय, तर?"

"तर सांगीन. तुम्हाला वाटत असेल तर याच्यावर तुमचा शिक्का मारू नका."

नरहरनं शिक्का शाईत दाबला. वर उर्दू, खाली बाळबोध, मधे त्याचं नाव. त्यानं तो दोन्ही फोटोंच्या पाठीवर मारला.

"बारा वर्षं तुझ्या कामावर माझा शिक्का बसतोय," तो म्हणाला. "आता एकावर सोडला तर लोकांना संशय येईल."

महिना गेला. काकासाहेबांचा माणूस येऊन पुरुषांचे फोटो घेऊन गेला. बायकांचा न्यायला मालकीणबाई स्वतः येतील असं म्हणाला. आणि एका सकाळी पडदा सोडलेली दमणी गल्लीत येऊन थांबली. नरहर शिरस्त्याप्रमाणे मागच्या दारानं बाजारात निघून गेला.

सगुणाबाई नातलगांकडं मुक्कामाला आल्या होत्या आणि आता गावी परतत होत्या. कडेवर रामराव. अंगात जरीचं अंगडं, पण ते गळ्याशी ढिलं झालं होतं.

"खातात का नीट?" शरयूनं विचारलं.

"खातं की. भरवलं की खातं. आता रडत बी न्हाई." सगुणाबाई थांबल्या. "हाक मारली की बघतं. रामराव म्हणलं की बराबर बघतं."

बोलण्यात तक्रार नव्हती. पण सांगून झाल्यावर त्यांनी मुलाकडं बघितलं आणि मूल पदराच्या काठाशी चाळा करत राहिलं.

शरयूनं चटई घातली, पाणी दिलं, आणि दोन्ही फोटो त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"हा ब्येस आलाय," सगुणाबाई पहिल्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "सासऱ्यासारखंच बघतंय. मामंजी आसंच बघायचे, आता कोनावर ओरडावं म्हून." त्या हसल्या. मग त्यांनी दुसरा उचलला. हसणं तसंच राहिलं थोडा वेळ, आणि मग गेलं.

"ह्याच्यात कुठं बघून राह्यलंय हे?"

शरयूनं तोंड उघडलं. पण सगुणाबाई तिच्याकडं बघत नव्हत्या.

रामराव मांडीवरून उतरले होते. खोलीच्या मधोमध तिपाईवर कॅमेरा उभा होता, वर काळं फडकं. त्यांनी फडक्याचं टोक धरून उचललं, आत बघितलं, सोडून दिलं. मग तिपाईच्या एका एका पायाला हात लावत ते पलीकडं गेले, उजव्या बाजूला, आणि तिथं थांबले. मान वर केली. मोठ्या माणसाचा चेहरा जेवढ्या उंचीवर असतो तेवढी.

खोलीत कोणी हललं नाही. शरयूच्या मनात उगाचच आकडे मोजले गेले, आणि ते दोनाच्या पुष्कळ पुढं गेले.

रामराव वळले आणि परत येऊन चटईवर बसले. तक्रार न करता.

सगुणाबाईंनी नथ सारखी केली. हातातला फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ह्याच्यात मी समोर बघून राह्यलेय?"

"हो. अगदी सरळ."

"मला वाटलं मी बी तिकडंच बघितलं आसंल." त्यांनी फोटो खाली ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही. "आई झाल्यावर काय करायचं असतं ते सगळं केलं मी, बाई. न्हाऊ घातलं. काजळ केलं. गाणी येत न्हाईत मला, ती बी शिकले साळूबाईपासून."

शरयूनं पाण्याचं भांडं त्यांच्याकडं सरकवलं.

"हा द्या. आत्ताच काच लावून द्या."

"आणि पहिला?"

"काकासाहेबांना द्या. त्यांना समोर बघणारा पाहिजे."

शरयूनं चौकट आणली, काच पुसली, फोटो बसवला, मागं खिळे ठोकले. सगुणाबाई बघत होत्या.

"माजघराच्या दारावर लावीन म्हणते," त्या मधेच म्हणाल्या. "तिथं उजव्या अंगाला जातं हाय आमचं."

चौकट कापडात गुंडाळून झाली. शरयू त्यांना दमणीपर्यंत पोचवायला गेली. रामकिसननं पडदा धरला. सगुणाबाई आत चढल्या, मुलाला वर घेतलं, आणि पडदा सोडायच्या आत म्हणाल्या,

"रामकिसन, गाडी घराशी थांबवू नको. तशीच पुढं सोनूकडं घे. मंठ्याला."

"मंठ्याला? वाटंत मुक्काम पडंल, बाईसाहेब. काकासाहेब वाट बघतेल."

"बघू दे. एवढी वर्सं मी बघितली की."

रामकिसननं शरयूकडं बघितलं, जणू तिला काही ठाऊक असावं. शरयूनं बैलाच्या पाठीवर थाप मारली. त्यानं कासरा ओढला.

पडद्याच्या फटीतून तिला दिसलं. सगुणाबाईंनी गाठोडं पायांशी सरकवलं, फोटो गाठोड्यावर टेकवला, लेकराला डाव्या मांडीवर घेतलं, आणि त्या सरकून बसल्या, तेव्हा त्यांच्या उजवीकडं एका माणसापुरती जागा मोकळी झाली.