चढावरचा दुसरा गिअर

कर्रर्र आवाज करत गिअर पुन्हा बाहेर फेकला गेला आणि आतल्या खोलीतून बाबा ओरडले, "अगं, जीव घेतेस का तिचा?"

मी टेबलाला स्टीअरिंग आवळून, पायाशी तीन पेडल मांडून बसले होते. गाड्यांच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम बनवणं हे माझं काम. नव्या गेममधल्या जुन्या ट्रकचा गिअर मी हट्टाने अगदी खऱ्यासारखा केला होता आणि आता तो ऑफिसात कुणालाच टाकता येत नव्हता. आज दुपारी बाराच्या आत कुणी घाट चढून दाखवला नाही, तर साहेब माझी आठ महिन्यांची मेहनत काढून तिथे गिअर बदलायचं एक बटण बसवणार होते.

बाबा म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं बस चालवली. मग काचबिंदूने नजरेच्या कडा खाल्ल्या, डॉक्टरांनी गाडी बंद केली. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून गाडीचा विषय निघाला की ते उठून आत जात.

आज मात्र बाहेर आले.

"बसून बघा ना बाबा. खेळच आहे."

"हे काय माझं खेळायचं वय आहे?" असं म्हणत बसलेसुद्धा. खुर्ची पुढे ओढली, चपला काढल्या. नसलेला आरसा नीट करायला हात वर गेला आणि गुपचूप खाली आला. मला हसू आलं, पण मी न बघितल्यासारखं केलं.

"दिसतंय ना?"

"समोरचं दिसतं गं. चल."

घाट लागला, इंजिन दमायला लागलं. ऑफिसातली पोरं इथे क्लच दाबून गिअर सरळ खाली ओढतात आणि अडकतात. बाबांनी क्लच दाबला, गिअर मधे आणला, क्लच सोडला, ॲक्सिलरेटरला हलकेच डिवचलं, पुन्हा क्लच दाबला. दुसरा गिअर पडला. आवाज नाही, धक्का नाही. यामागचं सगळं गणित मी लिहिलं होतं, पण ते दिसायला इतकं देखणं असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी मोबाइलवर त्यांच्या पायांचा व्हिडिओ घेऊ लागले.

"कधी टाकायचा ते कसं कळतं?"

"तीच सांगते की. ऐक ना!" मग एकदम थबकून म्हणाले, "अगं, ही खरंच सांगतेय. हे तू केलंस?"

"हो."

"एकटीने?"

"हो, बाबा."

"कमाल आहे बाई तुझी," ते म्हणाले आणि पुढचं वळण अलगद घेतलं.

बाराला दहा कमी असताना ट्रक माथ्यावर पोचला. मी व्हिडिओ पाठवला. लगेच साहेबांचा मेसेज आला : 'गिअर राहू दे. हे आहेत कोण?'

मी आनंदाने गेम बंद करायला हात पुढे केला.

"थांब," बाबा म्हणाले. "एवढा चढ चढून आलीये. इंजिन तापलेलं असतं, लगेच बंद करू नये. दोन मिनिटं दम खाऊ दे तिला."

इंजिन तापणं मी गेममध्ये घातलेलंच नव्हतं. मी हात मागे घेतला. साहेबांचा फोन वाजायला लागला, तो पालथा ठेवला आणि बाबांच्या शेजारी बसून इंजिनाची घरघर ऐकत राहिले.