खडबडीत कडेचं कार्ड

मिक्सरचं हमीपत्र शोधता शोधता बाइंडरकाकांच्या हाताला घडी घातलेला निळा कागद लागला आणि ते स्टुलावर उभ्या उभ्याच थबकले. तीन वर्षांपूर्वी आलेलं ते पत्र त्यांनी स्वतःच माळ्यावरच्या त्या खोक्यात दडवलं होतं. उत्तर लिहायचं राहून गेलं, असं नव्हतं. टाळलं होतं.

"सापडलं का?" स्टूल धरून उभ्या असलेल्या काकूंनी खालून विचारलं.

"सापडलं." काय सापडलं, ते काका बोलले नाहीत.

मिक्सर रेडिओवर जिंकलेला. इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, दोन छत्र्या आणि वर्षभर पुरून उरलेला साबणही तिथलाच. दर रविवारी सकाळी रेडिओवर एक प्रश्न विचारत, श्रोते उत्तर कार्डावर लिहून पाठवत. पुढच्या रविवारी निवेदिका "घालते हं हात पिंपात" म्हणे, कार्डांची सळसळ ऐकू येई आणि मग ती एक नाव वाची, पत्त्यासकट. सहा वर्षांत एकोणीस वेळा ते नाव काकांचं होतं.

चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली. पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, छापणाऱ्याचंसुद्धा असतं, बांधणाऱ्याचं नसतं. गल्लीतही ते नुसते बाइंडरकाका. रेडिओने पहिल्यांदा पूर्ण नाव घेतलं, तेव्हा शेजारीण काकूंनाच विचारायला आली, हे कोण हो? तेव्हापासून काकांच्या हाताला गुण आहे, असा बोलबाला झाला. कुणी परीक्षेचं हॉलतिकीट हात लावायला आणी, कुणी नोकरीचा अर्ज. काका मान खाली घालून हात लावत. जन्मभर कुणाच्या नजरेत न भरलेल्या माणसाला ते आवडत होतं. खोटं कशाला बोला?

आता येत्या रविवारी कार्डांची शेवटची सोडत होती. पुढे सगळं फोनवरून. बक्षीस होतं कपडे धुण्याचं यंत्र, आणि काकूंनी मोरीतला कोपरा आधीच रिकामा करून ठेवला होता.

"टेपने मोजलाय," त्या म्हणाल्या. "झाकण उघडून वर चार बोटं जागा राहते."

"अगं, अजून सोडत व्हायचीय."

"झालीच समजा. हात कुणाचा आहे?"

काका टेबलाशी बसले आणि त्यांनी ते पत्र उलगडलं. दूरच्या गावात शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं होतं ते. 'तुमच्याआधीपासून मी कार्ड पाठवते. एकदाही लागलं नाही. बक्षिसाचं राहू द्या. घरात मला सगळे अगं म्हणतात, दुकानात टेलरबाई. मशीन चालवताना रेडिओ लावलेला असतो, त्यात एकदा माझं नाव ऐकायचंय. तुमची काही युक्ती आहे का? तक्रार नाही, शिकायचं म्हणून विचारते.' खाली वळणदार सही होती.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जरा उशीचा अभ्रा दे," ते म्हणाले. "धुतलेला."

अभ्र्यात त्यांनी पोस्टाची पन्नासेक कार्डं टाकली आणि खणातून काढलेलं आपलं एक. मग अभ्रा चांगला घुसळून काकूंपुढे धरला.

"डोळे मिट आणि एक काढ."

"हे काय पोरखेळ?"

"काढ तर."

काकूंनी काढलं. काकांचं. पुन्हा टाकलं, पुन्हा घुसळलं, पुन्हा काकांचंच. तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे उघडले आणि कार्ड बोटांत फिरवून पाहिलं. दोन जाड कागद एकावर एक चिकटवलेले, कडा न कापता तशाच खडबडीत ठेवलेल्या. पोस्टाची गुळगुळीत कार्डं बोटांवरून घसरत होती. हे मात्र बोटांना चिकटल्यासारखं वर येत होतं.

"पहिल्या वेळी घरात कार्ड नव्हतं," काका म्हणाले. "पुठ्ठ्याच्या तुकड्यांचं केलं. लागलं. मग कळलं, का लागलं ते."

काकूंनी कार्ड टेबलावर ठेवलं.

"म्हणजे तुमच्या हाताला गुण वगैरे काही नाही."

"कार्ड ह्याच हाताने केलंय."

"आणि समोरच्यांच्या मुलाचं हॉलतिकीट?"

"पास झाला की तो."

"तो रात्रंदिवस घोकत होता, म्हणून झाला." काकूंच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं, पण तेवढ्यात काकांनी पत्र पुढे सरकवलं आणि ते मावळलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग खालची सही मोठ्याने वाचली, चव घ्यावी तशी, सावकाश.

"छान आहे हो नाव," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं उत्तर दिलं नाहीत?"

"दिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

"आता मला कळलंच आहे."

काकांनी मान हलवली. दौतीशेजारचा कागद ओढून त्यांनी न थांबता उत्तर लिहिलं. नेहमी एकेक ओळ खोडणारा हा माणूस. आज एकही शब्द खोडला नाही. युक्ती लिहिली, चिकटवायच्या खळीचं प्रमाण लिहिलं, कडा कापू नका असं लिहून त्याखाली रेघ ओढली. आजच सोमवार आहे, तुमच्याकडे हे बुधवारी पोचेल, लगेच पाठवलंत तर वेळेत जाईल. प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्ही लिहा. मग ते खडबडीत कडेचं कोरं कार्ड पत्रात ठेवून त्यांनी पाकीट चिकटवलं.

"आणि आपलं?" काकूंनी विचारलं. त्यांची नजर मोरीकडे गेली होती.

"आपलंही जाईल. साधं, पोस्टाचं." काकांनी अभ्र्यातून एक गुळगुळीत कार्ड काढलं आणि जपून, सुवाच्य अक्षरात भरलं. शाई वाळल्यावर काकूंच्या हाती दिलं.

काकूंनी पत्ता वाचला, उत्तर वाचलं. पाठवणाऱ्याच्या जागी पोचल्यावर त्या थांबल्या. तिथं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. काकांचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं.

"हे लागायचं नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"बघू. कोपरा राहू दे तसाच."

गल्लीच्या टोकाच्या टपालपेटीत काकूंनी ते कार्ड स्वतः टाकलं. सुळकन आत गेलं. काकांचं पाकीट मात्र जाडजूड, पेटीच्या तोंडात अडकून बसलं. काकांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. तळहात टेकवला आणि ते आत सारलं.