सोमारीची जागा

मित्रांनो, मी शिंदीच्या पानांची एक जुनी चटई. कुरखेड्याच्या बाजूला चिचटोला नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या एका घराच्या माळ्यावर मला गुंडाळून ठेवलं आहे. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला, मधली शिवण उसवली, त्याचं मला फारसं वाटत नाही. पण डाव्या अंगाला मांजर जरी येऊन टेकलं, तरी मी अजून दचकते. ती जागा कोणाची होती, तेवढं तुम्हाला सांगायचं आहे.

नाल्याकाठच्या शिंदीवरून रंभाबाई नावाच्या म्हातारीने माझी पानं कापली. ती सावलीत वाळवली, पाण्यात भिजवली, चार-चार बोटांच्या पट्ट्या विणल्या आणि त्या एकमेकींना शिवल्या. विणताना ती देवाचं नाव घेत असे. कोणी भांडत आलं तर म्हणे, "थोडं तिकडं भांडा जी. हिच्यावर माणूस जेवन, निजन, देवाले बसन. विणताना वंगाळ शब्द नाई पाहिजे." म्हणूनच की काय, मला शांत बसणारी माणसं फार आवडतात.

चिचटोल्याच्या केसरबाईंनी मला पाहुण्यांसाठी म्हणून घरी आणलं. पण पाहुणे येण्याआधीच त्यांच्या लेकीने, गुलाबने, मला काखेत मारलं. ते साल १९८५. गुलाब कुरखेड्याला अकरावीत शिकत होती आणि तिला एकच नाद होता, गाणं समोर बसून ऐकायचा. घरात रेडिओ होता. केसरबाई पहाटेची पूजा करताना तो बारीक आवाजात लावत. गुलाब म्हणे, "डब्यातलं गाणं आपल्याले पाहत नाई, माय. समोरचा गाणारा आपल्याले पाहून गाते."

आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. प्रत्येक गावाच्या मंडईचा दिवस वेगळा, त्यामुळे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज कुठे ना कुठे मंडई असतेच. भर दुपारी आंब्याच्या झाडाखाली खडी गंमत रंगते. तिला पडदा नाही, मंच नाही. ढोलकी, तुणतुणं आणि टाळ घेऊन मंडळी उभ्याने गातात, आणि भोवती लोक बसतात. तिथे एक नियम आहे. सकाळी येऊन ज्याने पुढे चटई पसरली, ती जागा त्याची. तो जेवून येवो की बाजार फिरून येवो, दुसऱ्याच्या चटईवर कोणी पाय देत नाही. मी लिहिता-वाचता न येणारी वस्तू, पण त्या दिवसांत शेकडो माणसं मला वळसा घालून जात.

माझ्यावर दोघी बसत. उजवीकडे गुलाब, डावीकडे सोमारी. सोमारी गोंडाची पोर, धानोऱ्याच्या पलीकडच्या रानातली. कुरखेड्याच्या वसतिगृहात राहून ती गुलाबच्याच वर्गात शिकत होती. गुलाब बडबडी, तर ही दिवसातून चार शब्द बोलणारी. पण एकदा ऐकलेलं गाणं तिच्या तोंडी अख्खं बसे. दोघींचा आवडता गाणारा होता मुखरू शाहीर. हा माणूस रोजगार हमीच्या रस्त्यावर गिट्टी फोडे आणि फोडता फोडता स्वतःची गाणी जोडे. ती गाणी कुठे छापलेली नव्हती, रेडिओवर नव्हती. ऐकायची तर त्याच्यासमोरच जाऊन बसावं लागे. या पोरी त्याच्यामागे गावोगाव जात.

"आल्या काय वं तुमी?" शाहीर हसत विचारी. "माह्या आधी तुमची चटई पोचते. एखाद्या दिवशी तुमीच उभ्या राहा, मी बसतो चटईवर."

"सोमारी म्हणन," गुलाब सांगे. "तिले तुमचं सारं पाठ हाये."

"मंग माही रोजी गेली," शाहीर म्हणे, आणि सोमारी तोंडावर पदर घेऊन हसे. ती हसली की माझ्या डाव्या बाजूची पानं हलकेच करकरत. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

पुढच्या वर्षी भादव्यात सोमारीला हिवताप झाला. सुटी होती म्हणून ती घरी गेली, आणि परत आली नाही. आठ दिवसांनी ती गेल्याची बातमी वर्गात कळली. नाल्यांना पूर होता, रस्ता बंद होता. गुलाबला जाता आलं नाही. तिने सोमारीचं तोंड पाहिलं नाही, माती पाहिली नाही. त्या संध्याकाळी ती माझ्यावर येऊन निजली, उजव्या कडेला, अंग चोरून. डावी बाजू तिने मोकळी ठेवली.

दिवाळी झाली. पहिल्या मंडईला गुलाबने मला उचललं. मला वाटलं, आता एकटीच आहे, अर्धी दुमडून पसरेल. तिने अख्खी पसरली.

गर्दी दाटली. मागच्या एका बाईने विचारलं, "इथी कोणी नाई काय वं? बसू काय?"

"येऊन राह्यली ते," गुलाब म्हणाली.

मित्रांनो, मी देवाचं नाव ऐकत विणली गेले आहे, खोटं बोलणार नाही. शाहिराने तिसरं गाणं धरलं तेव्हा माझी डावी बाजू दबली. कोणी हळूच येऊन मांडी घालावी तशी. पानं उबदार झाली. गुलाबने तिथे हात ठेवला, झटकन मागे घेतला आणि पुन्हा ठेवला. मग ती हसली. त्या हसण्याचीच मला भीती वाटली.

पुढच्या गावीही तेच झालं. कोणी विचारलं की गुलाबचं उत्तर ठरलेलं, "येऊन राह्यली ते." गाणं रंगलं की डावी बाजू दबे. गोष्ट एका गावाहून दुसऱ्या गावी गेली. माझ्याभोवती लोक हातभर, मग वावभर लांब बसू लागले. आया लेकरांना ओढून घेत. गुलाब अभ्यास विसरली, जेवण विसरली. मंडईला न गेलेल्या दिवशीही ती मला अंगणात पसरून बसे आणि शाहिराची गाणी पुटपुटत डावीकडे मान वळवी.

चौथ्या मंडईत शाहिराचा ढोलकीवाला लहानू थांबलाच. "शाहीर, त्या खाली जागेकडं पाह्यलं का माहा हात थंडा पडते. चटई उचलाले सांगा, नाई त मी नाई वाजवत."

शाहिराने चटई उचलायला सांगितलं नाही. त्याने त्या दिवशी दोनच गाणी म्हटली.

घरी केसरबाईंच्या कानावर सारं आलं. त्यांचं कार्तिकस्नान चालू होतं, एक वेळचं जेवण होतं. त्या रागावल्या नाहीत. तुळशीपुढे वात लावता लावता म्हणाल्या, "गुलाब, गेलेल्या माणसाले असं बसवून नाई ठेवा लागत. हे चटई मी शिवेवर नेऊन जाळतो. आन् तूही आता मंडईले जाऊ नोको."

"पुनवेची एक होऊ दे, माय," गुलाब म्हणाली. "मंग जाळ."

पौर्णिमेची मंडई वर्षातली शेवटची. मला पसरलं तेव्हा माझ्याभोवती इतकी मोकळी जमीन होती, की दुसरी खडी गंमत त्यात उभी राहिली असती. एवढ्यात गर्दीतून एक बारकी, उंच बाई आली. पायाला धूळ, खांद्यावर रिकामी झोळी.

"गुलाब म्हंतेत ते तूच काय वं?"

"हो जी."

"मी मंगली. सोमारीची माय."

गुलाब उठू लागली. मंगलीने हातानेच बस म्हटलं आणि ती समोर उकिडवी बसली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजाराची वाट विचारावी तसा. "ते गेली, त्या जागी आमी पीठ पसरलं. वरून टोपलं झाकलं. गेलेलं माणूस घरी आलं का पिठावर पाऊल उमटते. तीन खेपा पसरलं, पोरी. पीठ जसंच्या तसं. तिचा बाप रोज इचारते, पोरगी गेली कुठी. मंग बाजारात आयकलं, कुरखेड्याकडं एक चटई हाये, तिच्यावर कोणी बसत नाई."

गुलाब म्हणाली, "मी तिले धरून नाई ठेवलं, मावशी. जागा ठेवली फक्त."

"लोकाइले काय सांगतं तू?"

"येऊन राह्यली म्हणून."

"मंग ते येते," मंगली म्हणाली. "बोलावलं का येते. ल्हानपणापासून तशीच हाये. मी तिले न्याले आली."

गुलाबने माझ्या विणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आज शाहीर तिच्या आवडीचं म्हणणार हाये."

"मंग आयकू दे तिले. सरलं का जातो आमी."

"वरती बसा ना, मावशी."

"नाई. तिची जागा हाये." मंगली माझ्या डाव्या कडेला, उघड्या मातीवर बसली.

लहानूने हे सारं ऐकलं होतं. त्याने ढोलकी पुढे ओढली आणि बोटं मारून पाहिली. शाहिराने तेंदूपत्त्याचं गाणं धरलं:

पान तोडता तोडता दिस गेला रानाआड,
डोईवरचा गठ्ठा म्हणे, बाई मले खाली काढ.

माझी डावी बाजू दबली. इतकी ऊब मी कधी अनुभवली नव्हती. मंगलीने तिकडे पाहिलं नाही. ती ऐकत होती. मध्येच हलक्या आवाजात म्हणाली, "हे त ते चुलीपाशी म्हणे. मले वाटे, तिनंच जोडलं."

गाणं सरलं. मंगली उठली, माझ्या डाव्या बाजूवर वाकली आणि गोंडीत काहीतरी बोलली. मला गोंडी येत नाही. पण शाळेतून उशिरा सुटलेल्या लेकराला आई जशी हाक मारते, तसा तो आवाज होता. मग गुलाबकडे वळून म्हणाली, "आता मी वळून पाहणार नाई. तूही मागून हाक नोको मारू. हाक मारशीन त ते पुन्हा बसन."

ती चालू लागली. लोकांनी वाट दिली, आणि कोणी सांगितलं नव्हतं तरी दोन माणसं जातील एवढी रुंद दिली. गुलाबचं तोंड उघडलं. तिने माझी कड मुठीत आवळली, इतकी की एक पट्टी तुटली. मंगली आंब्यापलीकडे गेली, दुकानांपलीकडे गेली, दिसेनाशी झाली. गुलाबने हाक मारली नाही.

माझ्या डाव्या बाजूची पानं एकेक करून वर आली. ऊब गेली. वस्तूला रडता येत नाही, मित्रांनो, नाहीतर त्या दुपारी मी रडले असते.

मागे एक बाई कडेवर लेकरू घेऊन केव्हाची उभी होती. तिने भीत भीत विचारलं, "इथी कोणी येऊन राह्यलं काय वं?"

गुलाबने मुठीतली कड सोडली.

"नाई. गेली ते. बसा जी."

केसरबाईंनी मला जाळलं नाही. गोमूत्र शिंपडून दोन दिवस ऊन दाखवलं, आणि पुढच्या दिवाळीला गुलाबच्या हाती स्वतःच दिलं. आता गुलाब गडचांदूरला मास्तरीण आहे. तिच्या खोलीत खुर्च्या आहेत, टेपरेकॉर्डरही आहे म्हणे. मला तीन वर्षांत कोणी खाली काढलं नाही. गुलाबवर माझा राग नाही.

पण तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला माळ्यावर कुजू देऊ नका. अंगणात नेऊन झटका, उसवलेली शिवण घाला, आणि जिथे कोणी समोर उभं राहून गात असेल, तिथे पसरा. गेलेल्या माणसाची आठवण मनात ठेवा, तिथे हवी तेवढी जागा असते. चटईवर मात्र जे मागे उभे आहेत त्यांना बसवा. मी दोघांपुरती विणलेली आहे, पण थोडं सरकलं तर तिघंही मावतात.